किडन्यांवरचा आळ

१

या, अशा जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरका, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. आज निरूपण नाही, आज गोष्ट. तिच्यात घाताचा संशय आहे, तीन संशयित आहेत आणि शोध लावणारी एक बाई आहे. ज्यांच्यावर सगळ्यात मोठा आळ आला त्या दोघींना मात्र तोंडच नव्हतं. त्या होत्या आमच्या गिरधरआप्पांच्या किडन्या.

गिरधरआप्पा म्हणजे तापीकाठच्या आमच्या गावचे गुजर शेतकरी, केळीचे बागायतदार आणि कीर्तनकार. वय एकाहत्तर. त्यांनी पहिला सूर लावला की लेकुरवाळ्या बायकांची पोरंसुद्धा रडायची थांबतात. त्यांच्यामागे टाळ धरून मी बावीस वर्षं उभा आहे. पगार नाही, मानधन नाही. पण त्या दोन तासांत माणूस जे घेऊन घरी जातो ते मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

गावात सप्ताह झाला, शुक्रवारी काल्याचं कीर्तन झालं. सोमवारी सकाळी आप्पांना श्वास पुरेना. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. पाय केळीच्या खोडासारखे सुजलेले. शहाद्याच्या एका दवाखान्यात आणलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. डॉक्टर योगेंद्र तरुण, हुशार, मनाने चांगला. त्यांनी सांगितलं, "हृदय थकलंय. रक्त पुढे ढकललं जात नाही, म्हणून मागे पाणी तुंबलंय. फुप्फुसात, पायात, सगळीकडे. ते लघवीवाटे काढायचं." पाणी काढायचं इंजेक्शन सुरू झालं आणि मंगळवारी सकाळी आप्पा उशीला टेकून चक्क झोपले. आम्ही हात जोडले.

आणि गुरुवारी सकाळी दहाला रक्ताचा रिपोर्ट आला.

किडनी रक्त नीट गाळते की नाही हे क्रिएटिनिन नावाच्या आकड्यावरून कळतं. तो एकच्या आसपास असावा. सोमवारी आप्पांचा दीड होता. गुरुवारी दोन पूर्णांक सहा! लघवीचा तक्ता पाहावा तर सोमवारी नळी होती तेव्हा दोन हजार सातशे ऐंशी मिलिलिटर, मंगळवारी नळी काढल्यावर पाचशे, बुधवारी चारशे. लघवी होत नाही म्हणून डॉक्टरांनी मंगळवारी डोस दुप्पट केला होता, बुधवारी आणखी दुप्पट. तरी नाही.

"किडन्या बंद पडतायत," डॉक्टर कॉरिडॉरमध्ये येऊन म्हणाले. "तीन दिवसांत असं उगाच होत नाही. तुमच्यापैकी कुणी यांना काही दिलंय का? दुखण्याची गोळी, काढा, जडीबुटी?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. वाईट असतं ते बघणं.

"साडेबाराला अँब्युलन्स येईल. सुरतला नेऊ, डायलिसिस लागणार. तोवर इंजेक्शनचा डोस अजून वाढवा, सिस्टर."

सिस्टर म्हणजे रूपलीबाई. काठी गावाच्या बाजूच्या डोंगरातल्या, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या, सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या. नातेवाइकाच्या लग्नासाठी तीन दिवस रजेवर होत्या, त्याच सकाळी कामावर आल्या होत्या. त्यांनी सिरिंज भरली. मग आप्पांच्या पायथ्याशी लटकलेला तक्ता उचलून वाचला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि भरलेली सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली.

"सर," त्या म्हणाल्या, "मला बारापर्यंत वेळ द्या. तोवर हे टोचू नका."

२

डॉक्टर रागावले असते तर नवल नव्हतं. पण माणसाची पारख असलेला डॉक्टर. घड्याळ पाहिलं, आप्पांचं ब्लडप्रेशर पाहिलं, वरचं अठ्ठ्याऐंशी. म्हणाले, "बारा म्हणजे बारा. त्यानंतर त्यांचं काही झालं तर तुम्ही आणि मी दोघं उत्तर देऊ."

रूपलीबाई आधी मंगलाबाईंकडे गेल्या. आप्पांच्या पत्नी. गुडघे धरलेले, म्हणून बाकावर पाय लांब करून बसलेल्या, मांडीवर स्टीलचा डबा.

"आक्का, डब्यात काय?"

"खिचडी. बिनमीठनी. मीठनं तोंडबी दखं नही त्यासनी तीन दिनपाईन."

"आणि त्या पिशवीत?"

मंगलाबाईंनी पिशवी मांडीखाली ओढली. रूपलीबाईंनी हात पुढे करून ठेवला, मागितलं काही नाही, नुसता हात. शेवटी पिशवीतून गोळ्यांची पट्टी निघाली. दुखण्याच्या गोळ्या. हृदयाच्या रोग्याच्या किडनीला अशा गोळ्या विषासारख्या, हे डॉक्टरांनी आम्हाला सोमवारीच बजावलं होतं. आणि पट्टीतल्या तीन जागा रिकाम्या!

सुकलालने, म्हणजे आमच्या मृदंगवाल्याने, मोठ्याने "हरी हरी" म्हटलं.

"तू गप रे!" मंगलाबाई कडाडल्या. "मी खादी! मन्हा गुडघा काय लाकूडना शे का? सोमवारले ली, रोज एक खादी."

"सोमवार, मंगळवार, बुधवार," रूपलीबाई म्हणाल्या. "तीन दिवस, तीन गोळ्या. जुळतं. आणि आप्पा तुमच्या हातून गोळी घेतील का?"

"त्या?" मंगलाबाईंना अशाही वेळी हसू आलं. "चाळीस वरीस मी सांगी ऱ्हायनी, स्वेटर घाला. ते नही आयकं, तर गोळी खातीन का?"

मग सुकलालची पाळी. त्याच्या खिशात एक हिरवी बाटली होती आणि ती आप्पांच्या ओठांना लावताना वॉर्डबॉयने बुधवारी पाहिलं होतं.

"जडीबुटी?"

"काय बोलस सिस्टरबाई! तुळसनी मंजुळा आनि तापीमायनं पानी शे. चमचाभर ओठसले लावस, बस. मन्ही बाटलीमा काय इख शे का?"

रूपलीबाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि घोटभर पिऊन टाकलं. सुकलालचं तोंड उघडंच राहिलं.

"तुळसच आहे," त्या म्हणाल्या. "पण पाणी उकळून आणत जा, महाराज."

अकरा वाजून गेले होते. दोन संशयित सुटले होते. आणि तेवढ्यात मंगलाबाईंनी तिसऱ्याचं नाव घेतलं.

"इचारो ना तिले! तीन दिनपाईन त्यासनाजोडे तीच शे. आम्हले आत कोन जाऊ देस?"

३

ती म्हणजे मयूरी. आप्पांच्या धाकट्या मुलाची, अमृतची बायको. अमृत केळीच्या कापणीत अडकलेला, म्हणून दिवसरात्र सासऱ्यांजवळ हीच. लोणखेड्याच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालेली, पण आमच्या गुजरांच्या घरात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. मान द्यायची ती रीत. लग्नाला सहा वर्षं झाली, तिने आप्पांशी एक शब्द उच्चारलेला नव्हता. पदर नाकापर्यंत. चहा ठेवायचा, बाजूला व्हायचं.

आम्ही खोलीत गेलो तेव्हा ती कोपऱ्यात उभी होती. आप्पा डोळे मिटून पडलेले. ओठ कोरडे. मी मुद्दाम जवळ जाऊन "आप्पा" म्हटलं, त्यांनी जीभ फिरवली पण आवाज उमटला नाही. तो आवाज! मला तिथे उभं राहवेना.

"मयूरी, आप्पांना खायला-प्यायला तूच देतेस?" रूपलीबाईंनी विचारलं.

मान हलली. हो.

"लघवीचं भांडं तूच रिकामं करतेस?"

पुन्हा मान. हो.

"त्यांना वेगळं काही दिलंस?"

आता मान हलली नाही. पदराखालून थेंब पडला, फरशीवर. मंगलाबाई दारातून ओरडल्या, "दखा! बोलस का? पोटमा पाप नही तर बोलत का नही?"

गोष्टी ऐकणाऱ्याला वाटतं, गप्प राहणारा म्हणजे गुन्हेगार. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पोरीने काहीतरी केलंय. आजही त्या विचाराची मला लाज वाटते.

रूपलीबाईंनी मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. त्या आप्पांच्या कमरेकडे पाहत होत्या.

४

"हा करगोटा," त्या म्हणाल्या. कमरेचा काळा दोरा. "बांधला कधी?"

"काल्याच्या आदल्या दिवशी," मी म्हणालो. "नवा. मीच गाठ मारली. चांगला बसला होता."

रूपलीबाईंनी दोऱ्यात बोटं घातली. चार बोटं आडवी गेली, तरी दोरा सैल. मग त्यांनी चादर वर केली. आप्पांच्या पायांवर सूज नव्हती. नुसती नव्हती असं नाही, नडगीवरच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या, वाळल्या मिरचीसारख्या.

"सर!" त्यांनी हाक मारली. डॉक्टर आले. "सर, हे आकडे वाचा. मंगळवारी दोनशे, शंभर, दोनशे. बुधवारी शंभर, दोनशे, शंभर. सोमवारी नळीच्या पिशवीत किती होतं? दोन हजार सातशे ऐंशी. ऐंशी! देवाने कुठल्या माणसाला शंभराच्या मापाने लघवी दिलीय? सव्वीस वर्षांत मी असा रोगी पाहिला नाही."

डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला. "म्हणजे अंदाजे लिहिलंय. पण अंदाज कितीही चुकला तरी चारशेचे हजार होणार नाहीत."

"वजन किती घटलं ते कळलं तर सांगता येईल."

"सोमवारी त्यांना उभंच राहता येत नव्हतं. वजन घेतलेलं नाही."

इथे वाट संपली असं वाटलं. अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आणि तेव्हा सुकलाल, देव त्याचं भलं करो, दारातून हळूच म्हणाला, "तुला हुयनी व्हती ना शुक्रवारले."

काल्याच्या दिवशी गावाने आप्पांची केळीतुला केली होती. एका पारड्यात महाराज, दुसऱ्यात केळी, मग ती केळी प्रसाद म्हणून वाटायची. पारडं म्हणायचं आपलं, खरं तर केळी मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता.

"किती भरले आप्पा?" रूपलीबाई वळल्या.

"चौऱ्याऐंशी."

"अंगावर काय काय होतं?"

"फेटा, हार, उपरणं. आनि गळामा वीणा."

"वीणा घालून तोललं?" डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना.

"उतराले तयारच नही ना त्या!"

रूपलीबाईंनी बोटांवर मोजलं. वीणा, हार, फेटा, सगळं मिळून तीन किलो सोडा. एक्याऐंशी उरले.

"पण तो काटा खरा कशावरून?" डॉक्टर म्हणाले.

यावर मंगलाबाईच उसळल्या. "डाक्टरसाहेब, केळीना काटा शे तो! खोटा काटावर आम्हनी केळी कोन देई?"

दोघांनी धरून आप्पांना वॉर्डच्या काट्यावर उभं केलं. मी आकडा वाचला आणि दोनदा वाचला. त्र्याहत्तर.

आठ किलो! माणूस रोज सव्वा लिटर पाणी पितोय, लघवी तर जवळजवळ बंद, आणि तरीही आठ किलो हलका झालेला. सहा दिवसांत एवढं मांस झडत नाही. ते पाणीच होतं. ते अंगाबाहेर गेलं होतं. मग तक्त्यावर का आलं नाही? कुणी लपवलं?

रूपलीबाई मयूरीपाशी गेल्या. रागावून नाही. पलंगाशेजारी, आप्पांसमोरच उभं राहून त्यांनी रोजच्यासारखा साधा प्रश्न विचारला.

"सकाळपासून किती झाली गं?"

मयूरीने पदराआडून एक बोट वर केलं.

५

रूपलीबाईंनी तिचा तोच हात धरला आणि तिला खोलीबाहेर नेलं. व्हरांड्याच्या टोकाला, जिथून आप्पा दिसत नव्हते आणि आप्पांना ऐकू जात नव्हतं. आम्ही मागे.

"आता बोल, माय. एक काय?"

"एक भांडं," मयूरी म्हणाली. सहा वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. स्वच्छ आवाज होता. "भरेल. गळापावत."

"आणि काल?"

"काल च्यार. परवा पाच. मी रोज सांगस ना सिस्टरले. त्यासना समोर लघवीनं कशी बोलू बाई? सासरा शेत. म्हनीसन बोटं दखाडस. आनि येगळं काही दिधं नही मी, आळ ऐकीसन रडू उनं."

"भांड्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात. त्या नाही सांगितल्यास?"

"रेघा पुसाई गयात. धुई धुई." मग थांबून, बी. एस्सी.वाली होती ना, म्हणाली, "मी म्हटलं, भांडं केवढं शे ते सिस्टरसले म्हाईतच व्हई."

रूपलीबाईंनी भाविकाला बोलावलं. नवी सिस्टर, सांगलीकडून आलेली, अहिराणी कळत नाही, आणि तीन दिवस आप्पांचा तक्ता तिनेच भरलेला.

"भाविका, या बाईंनी दोन बोटं दाखवली की तू काय लिहायचीस?"

"दोनशे," भाविका म्हणाली. "आमच्या आधीच्या दवाखान्यात मावश्या असंच दाखवायच्या. एक बोट म्हणजे शंभर." मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "का? काय झालं?"

रूपलीबाईंनी ते भांडं मागवलं, गळ्यापर्यंत पाण्याने भरलं आणि मापाच्या जगमध्ये ओतलं. आठशे पन्नास.

मंगळवारची पाच, बुधवारची चार. नऊ भांडी. साडेसात लिटरांहून जास्त. आणि तक्त्यावर नऊशे!

बारा वाजायला चार मिनिटं होती.

६

"सर, किडन्यांनी काही केलेलं नाही," रूपलीबाई म्हणाल्या. आम्हालाही कळावं म्हणून त्या आमच्याच शेतीच्या भाषेत बोलल्या. "यांच्या बागेत ठिबक आहे, फिल्टर आहे. सोमवारी फिल्टरच्या मागे पाणी तुंबलं होतं, म्हणून तो नीट चालत नव्हता. इंजेक्शनने वाट मोकळी झाली, चांगलं झालं. बुधवारी सकाळपर्यंत जादा पाणी निघून गेलं होतं. पण कागद म्हणाला, काहीच निघालं नाही. म्हणून आपण मोटार दुप्पट चालवली, मग चौपट. विहीर कोरडी. फिल्टरला पुढून दाब नाही, तो गाळणार काय? आणि आपण म्हणतोय फिल्टर जळला, सुरतला चला."

डॉक्टर योगेंद्रांनी आप्पांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, पुढून, मागून, सावकाश. जीभ पाहिली. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती उभीच राहिली.

"छाती जवळजवळ साफ आहे," ते म्हणाले. "मी आकडा वर गेलेला पाहिला. कुठल्या वाटेने गेला ते पाहिलं नाही. आणि याच्यावर जर ते इंजेक्शन गेलं असतं..." म्हणत त्यांनी ट्रेमधली भरलेली सिरिंज उचलली आणि स्वतःच्या हाताने रिकामी केली. आमच्यादेखत, हाताखालच्या सिस्टरसमोर. अशी माणसं फार नसतात हो. मी त्यांना मनोमन नमस्कार केला.

अँब्युलन्स परत पाठवली. सलाईन लावलं, पण अगदी हळू, कारण हृदय अजून थकलेलंच होतं. दर पंधरा मिनिटांनी डॉक्टर स्वतः छाती ऐकत होते. चार वाजता ब्लडप्रेशर एकशे चार झालं. पाचला आप्पांनी "पाणी" म्हटलं. स्पष्ट. शुक्रवारी क्रिएटिनिन दोन पूर्णांक एक, शनिवारी एक पूर्णांक सात, सोमवारी एक पूर्णांक चार. आले होते तेव्हापेक्षाही कमी. पाणी काढायचं औषध मग पुन्हा सुरू केलं, पण लहान गोळीने, आणि रोज सकाळी वजन करून.

भाविका दोन दिवस रडत होती. रूपलीबाईंनी तिला जेवायला आपल्या घरी नेलं. आणि त्या दिवसापासून त्या वॉर्डात बोटं दाखवायची बंदी झाली. भांड्यांवर रेघा नव्या मारल्या, प्रत्येक पलंगाला पाटी-पेन्सिल बांधली. नातेवाइकाने आकडा लिहायचा, तोंडाने सांगायला लाज वाटली तरी चालेल.

घरी जायच्या दिवशी सगळी हकिगत आप्पांना कळली. मंगलाबाईंनीच सांगितली, आणि सांगता सांगता मयूरीचा हात धरून बसल्या, सोडेचनात. आप्पांनी मयूरीकडे मान वळवली. मला वाटलं, आता काही दृष्टांत देतील. पण नाही.

"पोरी," ते म्हणाले, "मी चाळीस वरीस लोकेसले सांगी ऱ्हायनू, देवना समोर लाजू नका, मोकळं बोला. आनि मन्हा घरमा तू मन्हासमोर सहा वरीस मुकी. मान देवाना तो असा? मी मरत व्हतू तुन्हा मानमा." मग हात जोडले. सासऱ्याने, सुनेला. "आते बोल. काहीबी बोल. पन मोठ्याने."

मयूरीने पदर नाकावरून कपाळावर घेतला. घसा खाकरला.

"आप्पा," ती म्हणाली, "दिनभरमा पानी दीड लिटरच. आनि पापड बंद."

आप्पा हसले. मग सुकलाल हसला, मंगलाबाई हसल्या, दारातले डॉक्टर हसले. आप्पा हसता हसता डोळे पुसत होते. "पापडबी?" ते म्हणाले.

"पापडबी," मयूरी म्हणाली.

आता आप्पा अर्धाच तास उभे राहतात. बाकी बसून. पण आवाज तोच आहे, येऊन ऐका. मांडवात पहिल्या रांगेत बसून मयूरी घड्याळ दाखवते आणि "आप्पा, बास!" असं सगळ्या गावासमोर म्हणते.

रूपलीबाई अजून एकदाही कीर्तनाला आल्या नाहीत. बोलावतो, तर म्हणतात, ड्युटी आहे. म्हणून तुमच्याकडे एक मागणं. तुम्ही जिथे कुठे असाल, संध्याकाळी दिवा लावून आपल्या माणसांसाठी हात जोडाल, तेव्हा त्यांच्यात डोंगरातल्या या एका बाईचंही नाव घ्या. रूपलीबाई. एवढी आठवण ठेवा.